उपास धरायच्या आधीचा हिशोब

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं. म्हणजे अक्षय्य तृतीयेला. ओसरीवर मालक बसतो, समोर सालदार, मध्ये वही. आगाऊ उचल किती घेतली, खाडे किती पडले, दाणे किती नेले, पोरीच्या लग्नाला मध्येच किती दिले, सगळं वाचलं जातं. हिशोब फिटला की माणूस मोकळा. पटलं तर त्याच दारात नवं साल ठरतं, नाही तर दुसरा मालक. उचल अंगावर राहिली तर मात्र पुढचं वर्षही तिथंच काढावं लागतं, पटो वा न पटो.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या लेंटबद्दल कुणी विचारलं की मी हल्ली इथूनच सुरुवात करतो. ‘तुमचा तो चाळीस दिवसांचा उपास, म्हणजे रोज्यासारखाच ना?’ असं विचारणारे मित्र मला दरवर्षी भेटतात. उपासाच्या बाजूनं समजवायला गेलं की बोलणं साबुदाणा चालतो का, मटण कधी बंद, यावरच अडकतं. वहीच्या बाजूनं गेलं की लवकर समजतं.

आधी तारखांचं उरकून घेऊ. लेंट म्हणजे मराठीत उपवासकाळ. प्रायश्चित्तकाळ असंही म्हणतात. ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या तयारीचा हा काळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात, चाळीस नाही. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. चाळीसचा आकडा येशूनं अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासावरून आला. इ. स. ३२५ मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो, म्हणजे प्रथा जुनी आहे. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ही पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. २०२७ मध्ये होळीनंतरच्याच रविवारी, २८ मार्चला ईस्टर आहे आणि राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजतात, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती घरांत बहुतेक वेळा उपवासकाळ चालू असतो. मोहाच्या फुलांचे दिवस आणि उपासाचे दिवस एकदमच येतात. परीक्षा म्हणायची तर ती हीच.

आता मुद्द्यावर. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो खरा, पण त्याची तयारी आधीच झालेली असावी लागते, आणि ती तयारी स्वयंपाकघरातली नसते.

तयारीची एक बाजू सगळ्या जगाला माहीत आहे. गोव्याचा कार्निव्हल राखेच्या बुधवारच्या आदल्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. पुढं उपास आहे, तेव्हा आत्ताच खाऊन-नाचून घ्या, असा साधा हिशेब. माझं लहानपण भुसावळला रेल्वेच्या वस्तीत गेलं. शेजारी एक जुनं अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. त्या मंगळवारी त्यांच्याकडची आंटी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायला पॅनकेक करायची आणि आमच्याकडे बशी यायची. आई त्याला ‘गोड धिरडं’ म्हणायची आणि बशी रिकामी परत करायची नाही म्हणून त्यात शेव घालून पाठवायची. त्या दिवसाला आंटी ‘श्रोव्ह ट्यूजडे’ म्हणायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं की श्रोव्ह म्हणजे धिरडं. प्रत्यक्षात तो जुना इंग्रजी शब्द पापनिवेदनाचा आहे: पाद्र्यासमोर आपली चूक कबूल करायची आणि त्यानं क्षमेचे शब्द उच्चारायचे. त्या दिवशी लोक आधी चर्चमध्ये जाऊन मन रिकामं करत, मग घरी येऊन दुधाचं भांडं. काळाच्या ओघात धिरडं टिकलं, निवेदन मागं पडलं.

मन रिकामं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथं आपल्या मराठी बायबलनं आपल्यावर उपकार केलेत. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि खानदेशातल्या कुठल्याही मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या समुदायातलं, शाळकरी पोरही ती धडाधडा म्हणतं. तिच्यात एक ओळ आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ पाप नाही, अपराध नाही. ऋण. येशूच्या तोंडची अरामी भाषा, तिच्यात पाप आणि कर्ज या दोन्हींना एकच शब्द होता. मराठी भाषांतरात तो सावकारी वास तसाच राहिला आहे. कापसाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या आणि बोंडअळीनं झोपणाऱ्या मुलखाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

ओळीचे दोन भाग आहेत. माझ्या अंगावरचं ऋण आणि माझं दुसऱ्याच्या अंगावरचं. पहिल्याचं जे करायचं त्याला पश्चात्ताप म्हणतात, दुसऱ्याचं जे करायचं त्याला क्षमा. उपवासकाळाच्या तोंडाशी या दोन्ही वह्या उघडायच्या असतात. एकच उघडून चालत नाही, आणि आपण बहुतेक जण दुसरीच, म्हणजे लोकांनी आपलं काय बुडवलं तीच, रोज रात्री चाळत असतो.

पश्चात्ताप हा शब्द मला थोडा अपुरा वाटतो. पश्चात्, म्हणजे मागून, होणारा ताप. जळजळ. पण नुसती जळजळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे. बायबलच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे जुन्या कराराच्या, हिब्रू भाषेत त्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘मागं फिरणं’ असा आहे. सुरतेच्या गाडीत बसायचं होतं आणि नागपूरच्या बसलो, हे कळल्यावर कितीही वाईट वाटलं तरी गाडी नागपूरलाच जाते. उतरावं लागतं. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये जो शब्द येतो त्याचा अर्थ मन पालटणं. म्हणजे ताप, पालट आणि पाऊल, तिन्ही हवं.

याचं बायबलमधलं सगळ्यात चोख उदाहरण जक्कय. यरीहो गावचा मुख्य जकातदार, रोमी सरकारसाठी वसुली करणारा आणि वरचं स्वतःच्या खिशात घालणारा. ठेंगणा, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशूनं त्याला झाडावरून उतरवलं आणि ‘आज तुझ्याच घरी उतरायचंय’ म्हणाला. पैशाचा विषयसुद्धा काढला नाही. तरी जक्कय आपणहून उठून उभा राहिला: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. आपल्याकडचं सांगायचं तर, खेडा खरेदीत ज्यानं काटा मारून क्विंटलमागं दोन-तीन किलो कापूस गिळला, त्यानं चर्चमध्ये डोळे पुसले म्हणून भागत नाही. ज्या शेतकऱ्याचा गिळला त्याच्या दारात जावं लागतं. जाऊन काय बोलायचं हे कठीण आहे, मान्य. पण देवाला सॉरी म्हणून माणसाचे किलो फिटत नाहीत.

कॅथलिक परंपरेनं हे सगळं एका संस्कारात बसवलं आहे. त्याला प्रायश्चित्त संस्कार किंवा समेट संस्कार म्हणतात, बोलीत सरळ कन्फेशन. आधी शांत बसून स्वतःला तपासायचं, मग मनापासूनचा खेद, मग फादरसमोर तोंडानं निवेदन, मग फादर क्षमेचे शब्द म्हणतात आणि काहीतरी प्रायश्चित्त सांगतात: प्रार्थना, दान, झालेली हानी भरून देणं. ऐकलेलं बाहेर सांगायला फादरना सक्त मनाई असते. ती मोडणं चर्चच्या कायद्यात अतिशय गंभीर गुन्हा आहे. वर्षातून एकदा तरी निवेदन केलंच पाहिजे हा नियम १२१५ मधल्या लॅटरन परिषदेनं घातला. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात, आणि तिथल्या चर्चमध्येही उपवासकाळात निवेदनाला येणारे वाढतात.

पण खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या प्रोटेस्टंट आहेत, परदेशी मिशनांच्या कामातून उभ्या राहिलेल्या. तिथं फादर नाही, पाळक आहेत, आणि राख लावायची पद्धत सहसा नसते. त्यांचं म्हणणं सरळ आहे: देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथरनं १५१७ मध्ये जी ९५ विधानं मांडली त्यातलं पहिलंच असं आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं. मग चाळीस दिवसांचं कौतुक कशाला, असं विचारणारे पाळक मला भेटलेत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. तरी त्यांच्याकडेही वहीचा दिवस आहेच. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला पुढं येण्याआधी प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी, असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात सांगतो. मी लहान असताना एका रविवारी मंडळीतल्या एका मोठ्या माणसानं ताट तसंच पुढं सरकवलेलं पाहिलं. आईला विचारलं तर ती हळूच म्हणाली, ‘भावाशी बोलणं नाही त्यांचं.’ पुढच्या महिन्यात त्यांनी भाकर घेतली. मधे काय झालं ते मोठ्यांनी आम्हा पोरांना सांगितलं नाही.

ही कल्पना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलीच आहे. वेदीजवळ दान घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. नीट वाचलं की लक्षात येतं: तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं इथं म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चालत आपण जायचं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी तर यासाठी खास रविवारच ठेवलेत. त्यांच्याकडे उपवासाआधीच्या चार रविवारी चार गोष्टी येतात. पहिल्या रविवारी परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार: पहिला मंदिरात आपल्या उपासांची यादी वाचतो, दुसरा मान खाली घालून ‘माझ्यावर दया कर’ एवढंच म्हणतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा. उपास सुरू व्हायच्या आधीच उपासाची घमेंड उतरवून ठेवायची, ही मला फार शहाणी योजना वाटते. दुसऱ्या रविवारी उधळ्या पुत्र. बाप जिवंत असताना पोरगा वाटणी मागतो, घेऊन दूर निघून जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. परत येताना वाटेत भाषण पाठ करतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला सालदारासारखं ठेवा. सालदार, बघा. त्याला वाटतं उचल फेडता येईल. बाप ते शेवटचं वाक्य बोलूच देत नाही. अंगरखा, अंगठी, जोडे मागवतो. अडचण थोरल्याची होते. तो शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि घरात पाऊल टाकायला तयार होत नाही. त्याची वही अगदी बरोबर होती, एक आकडा चुकलेला नव्हता.

तिसऱ्या रविवारी अंतिम न्याय, आणि चौथा क्षमा रविवार. त्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकतो, पाळकसुद्धा, आणि क्षमा मागतो. उत्तर येतं, ‘देव क्षमा करतो.’ सासू सुनेपुढं, मालक नोकरापुढं. दुसऱ्या दिवशी सोमवारी उपास सुरू. केरळच्या सिरियन परंपरेच्या मंडळ्यांतही असा समेटाचा विधी त्या सोमवारी असतो, त्याला शुब्कोनो म्हणतात. आणि त्याच्या तीन आठवडे आधी निनवेचा तीन दिवसांचा उपास. योना संदेष्ट्यानं सांगितलं की चाळीस दिवसांत निनवे शहराचा नाश होणार, तेव्हा राजानं गोणपाट पांघरलं, राखेत बसला आणि गुराढोरांनाही गोणपाट घालायचा हुकूम काढला. पोळ्याच्या अगदी उलट चित्र. ते निनवे म्हणजे आजचं इराकमधलं मोसुल.

राखेच्या बुधवारच्या राखेचं मूळ अशाच जुन्या प्रथेत आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, लोकांनी घरी नेलेल्या झावळ्या परत गोळा करतात, जाळतात आणि ती राख कपाळाला लावतात. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’, किंवा ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ असं लावताना म्हणतात. गंमत अशी की त्याच दिवशी वाचायचा उतारा सांगतो, उपास करताना तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. कपाळावर राख घेऊन हे ऐकायचं!

आता दुसरी वही, म्हणजे क्षमेची. येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूनं सातावर सत्तर लावले आणि एक गोष्ट सांगितली. एका चाकराच्या अंगावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. राजा दया येऊन सगळं सोडतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हे आकडे आपल्या डोक्यात शिरत नाहीत म्हणून गोष्ट गुळमुळीत वाटते. दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. रोज चारशे रुपये धरा. सोबत्याचं कर्ज झालं चाळीस हजार. काही फार थोडं नाही, एका हंगामाचं बियाणं-खत निघेल. आणि चाकराला सोडलेलं कर्ज? दोन हजार चारशे कोटी. कुठल्याही सोसायटीच्या कर्जमाफीत न बसणारं. म्हणजे येशू चाळीस हजारांना क्षुल्लक म्हणत नाही. तुझं नुकसान खरं आहे, पण तुला काय सोडलंय ते आठव, एवढंच.

इथं एक गैरसमज फार घट्ट बसलाय, आणि तो बाईमाणसांच्या गळ्यात जास्त बसतो. क्षमा कर, म्हणजे मार खा आणि गप्प राहा. म्हणजे तक्रार मागं घे. असा उपदेश मी स्वतः ऐकलाय आणि तो मला मान्य नाही. ऋण सोडायचं तर आधी ते ऋण आहे हे उघड म्हणावं लागतं. ‘काही झालंच नाही’ ही क्षमा नव्हे, ती खोटी वही. सूड आपल्या हातातून सोडणं ही क्षमा. न्यायालयाचं काम न्यायालय करतं. आणि समेट ही तिसरीच गोष्ट आहे, तिला दोघं लागतात. समोरचा फिरला नसेल तर तुम्ही मनातून सोडू शकता, पण पुन्हा त्याच घरात नांदायला जायची सक्ती बायबल कुणावर करत नाही.

सातपुड्याच्या पलीकडे, इंदूरजवळ घडलेली गोष्ट. सिस्टर राणी मारिया ही केरळची संन्यासिनी उदयनगर भागातल्या आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करत होती. २५ फेब्रुवारी १९९५ ला, राखेच्या बुधवारच्या चार दिवस आधी, इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसानं तिला भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी बहीण, तीही संन्यासिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, २००६ मध्ये तो सुटला. पुढं तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आईसमोर उभा राहिला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. माणसं यातली राखीच लक्षात ठेवतात. मला मधली वर्षं दिसतात. खटला चालला, शिक्षा झाली, तो आत होता, आणि क्षमा तुरुंगाचं दार ओलांडून आत गेली. तिनं खटला पुसला नाही. ऋण सावकारीतून सुरू झालेलं, आणि सोडलं ते ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांनी.

आपल्यापुढचे हिशोब सहसा एवढे मोठे नसतात. साक्री तालुक्यात माझे मामा राहतात. मामांचा नियम असा की राखेच्या बुधवारच्या आधीच्या आठवड्यात गोठा, माळा, कोठी सगळं झाडायचं आणि दुसऱ्याचं जे सापडेल ते परत करायचं. मंडळीत कुणी सांगितलेलं नाही, त्यांचं आपलं. एका वर्षी कडब्याखाली एक पहार निघाली. शेजारच्या भाऊंची. विहिरीच्या कामाला आणली होती आणि राहून गेली. मधल्या काळात भाऊंनी दोन-तीनदा चारचौघांत ‘माझी पहार कुणीतरी लांबवली’ असं मामांकडं बघून म्हटलं होतं, मामा त्यावर चिडले होते, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत दिवाळीचं ताटही जात-येत नव्हतं. आता पहार आपल्याच गोठ्यात निघाली म्हटल्यावर मामी म्हणाली, रात्री त्यांच्या कुंपणाशी ठेवून या, विषय संपेल.

मामांनी ती खांद्यावर घेतली आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोरून, भाऊंच्या ओट्यापर्यंत गेले. मी मागं होतो. पहार भिंतीला टेकवली आणि म्हणाले, ‘मन्हं चुकनं, भो. अकरा वर्षं मन्हाच घरमां होती.’

भाऊंनी पहारीकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. म्हणाले, ‘अकरा वर्षं? मंग भाडं काढू का?’ आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.